पक्षी शिकतो तेव्हा: वागण्यातला बदल टिपण्याची रीत

पाण्याच्या भांड्याशी कावळा उतरला. चोचीतला वाळका तुकडा त्यानं पाण्यात टाकला, क्षणभर थांबला, उचलला आणि मऊ झालेला गिळला. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहीत एकच ओळ लिहिली: ‘कावळा फार हुशार.’ ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ती ओळ कशाच्याच उपयोगाची नाही. हा कावळा आधीपासून असं करत होता की त्याच आठवड्यात करायला लागला? तो एकटाच करत होता की सगळेच? तुकडा मुळात मऊ असता तर त्यानं तो बुडवला असता का? मला यातलं काहीच सांगता येत नव्हतं, कारण त्याआधीचे दिवस मी लिहिलेलेच नव्हते.

पक्ष्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कधी दिसणार नाही. त्याच्या कालच्या आणि आजच्या वागण्यातला फरक मात्र दिसतो, आणि तो दिसायला कालची नोंद हातात असावी लागते. या लेखातली सगळी रीत त्या कालच्या नोंदीभोवती फिरते. दुर्बीण असेल तर उत्तमच. वही, पेन, घड्याळ आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसायची तयारी एवढं मात्र हवंच.

शिकणं कशाला म्हणायचं

सुगरण पक्ष्याला विणायला कुणी शिकवत नाही; गवताची पाती ओढून गाठ मारायची ओढ त्याच्यात जन्मजात असते. तरीही कोवळ्या नरांची पहिली घरटी पाहा. सैल, वेडीवाकडी, अर्ध्यावर सोडलेली. हात बसायला वेळ लागतो. म्हणजे ‘हे उपजत की शिकलेलं’ असा प्रश्न सरळसोट विचारून फारसं काही हाती लागत नाही. अनुभवामुळे वागणं बदललं का, आणि तो बदल टिकला का, हे विचारावं. त्याचं उत्तर बघून देता येतं.

बाहेर बसून आपल्याला चार तऱ्हेचे बदल दिसू शकतात. पक्षी एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला आधी बुजतो आणि मग सरावतो. एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालतो: अमुक रंगाचा किडा कडू, अमुक माणूस आला की धोका. दुसऱ्या पक्ष्यामुळे त्याचं लक्ष एखाद्या जागेकडे किंवा वस्तूकडे जातं. आणि क्वचित, फार क्वचित, तो अगदी नवीन काहीतरी करून बघतो. पहिली तऱ्हा रोज दिसते, शेवटची आयुष्यात एकदोनदा. सुरुवात पहिल्या तऱ्हेपासून करा.

पहिली पायरी: एक जागा, एक जात, एक वेळ

दुर्मिळ पक्ष्याच्या मागे जाऊ नका. इथे नेहमीचा पक्षीच कामाचा. कावळा, साळुंकी, चिमणी, बुलबुल, पारवा, दयाळ यांतला जो तुमच्या नजरेच्या टप्प्यात वर्षभर राहतो तो निवडा. स्थलांतर करून येणारा पक्षी तुमच्या ओळखीचा होईपर्यंत निघून जातो. थव्यात राहणारे पक्षी एकमेकांकडून काय उचलतात ते पाहायला बरे. दयाळासारखा आपली हद्द धरून बसणारा पक्षी एकाच नराचा पिच्छा पुरवायला सोपा.

जागा अशी हवी की तिथे बसल्यावर तुमची हालचाल होणार नाही आणि पक्ष्यांच्या येण्यामागे काहीतरी ठरलेलं कारण असेल: पाणी, फळलेलं झाड, रात्रीच्या थाऱ्याची वाट. रोज अर्धा तास पुरे, पण रोज तोच अर्धा तास. सकाळी सातचा कावळा आणि दुपारी दोनचा कावळा यांची तुलना करून काहीच निघत नाही. भूक वेगळी, ऊन वेगळं, आजूबाजूची वर्दळ वेगळी.

दुसरी पायरी: काही न बदलता तीन आठवडे

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे. नवीन काही ठेवायचं नाही, जवळ जायचं नाही, नुसतं लिहायचं. कोण किती वाजता आलं, थेट उतरलं की आधी फांदीवर बसून टेहळणी केली, किती वेळ थांबलं, कशामुळे उडालं, परत यायला किती वेळ लावला. पाच-सहा गोष्टी ठरवा आणि त्याच रोज भरा. एखाद्या दिवशी पक्षी आलाच नाही, तर ‘आला नाही’ असंही लिहा. कोरं पान आणि शून्याचं पान यांत फार फरक आहे: महिन्याभरानं कोऱ्या पानाकडे पाहून तुम्ही बसलाच नव्हता की पक्षी आला नव्हता, ते आठवणार नाही.

यात मोजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे उडण्याचं अंतर. तुम्ही चालत गेलात तर पक्षी किती अंतरावर असताना उडतो? ते असं मोजा. पक्षी जमिनीवर निवांत टिपत असताना लांबून निघा, दर सेकंदाला एक पाऊल अशा संथ, एकसारख्या चालीनं सरळ त्याच्याकडे जा. तो उडाला की जिथे आहात तिथेच थांबा आणि तो ज्या जागेवरून उडाला तिथपर्यंतची पावलं मोजा. आपलं एक पाऊल किती सेंटीमीटरचं हे आधी टेपनं मोजून ठेवा. निघालात किती लांबून तेही लिहा, कारण जितकं लांबून निघाल तितका पक्षी सहसा लवकर उडतो. रोज वेगवेगळ्या ठिकाणाहून निघालात तर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. घरट्याजवळच्या पक्ष्यावर हे करायचं नाही, आणि एकाच पक्ष्याला दिवसातून एकदाच उठवायचं.

एवढ्या साध्या मोजणीतून काय निघू शकतं त्याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. २०१३ साली पियेर लगान्यू आणि सिमॉन द्युकातेझ यांनी फ्रान्समधल्या रस्त्यांवर बसलेले पक्षी गाडी किती जवळ आल्यावर उडतात ते मोजून प्रसिद्ध केलं. जिथे वेगमर्यादा जास्त तिथे पक्षी लांबूनच उडत होते, मग येणारी ती गाडी प्रत्यक्षात हळू असो की जोरात. म्हणजे पक्षी प्रत्येक गाडीचा वेग जोखत नव्हते; या रस्त्यावर साधारण काय येतं याचा अंदाज त्यांनी बांधलेला होता.

तिसरी पायरी: तोच पक्षी आहे का

‘साळुंकी आता घाबरत नाही’ असं आपण सहज म्हणतो. पण मागच्या महिन्यातली भित्री साळुंकी निघून गेली असेल आणि तिच्या जागी धीट साळुंकी आली असेल, तर कुणीच काही शिकलेलं नाही. नुसती माणसं बदलावीत तसे पक्षी बदलले. म्हणून निदान दोन-तीन पक्षी तरी एकेकटे ओळखता आले पाहिजेत.

खुणा शोधायला बसलात की सापडतात. तुटलेलं किंवा वाकडं बोट, लंगडणारा पाय, चोचीचा टवका, डोळ्याभोवतीची टक्कल पडलेली कातडी, एखादं पांढरं पीस. पंखातली फट किंवा झडलेली शेपटी ही खूणही चालते, पण ती तात्पुरती. पिसं झडून नवी आली की खूण गेली. म्हणून प्रत्येक पक्ष्यासाठी एक कायमची आणि एक तात्पुरती अशा दोन खुणा लिहून ठेवा, आणि जमेल तेव्हा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. साधा मोबाइलचा धूसर फोटोही वाकडं बोट ओळखायला पुरतो. पायात कडी घालणं हे परवाना असलेल्या प्रशिक्षित संशोधकांचं काम. आपण पक्षी पकडायचा नाही. एखाद्याच्या पायात आधीच रंगीत कडं असेल तर मात्र तुमचं नशीब जोरावर आहे. रंगांचा क्रम आणि पाय डावा की उजवा, दोन्ही टिपा.

ओळख पटलीच नाही तर? तरीही काम करता येतं, फक्त वाक्य बदलायचं. ‘हा पक्षी शिकला’ असं न लिहिता ‘या जागी येणाऱ्या पक्ष्यांचं वागणं बदललं’ असं लिहायचं. प्रामाणिक वाक्य थोडं फिकं वाटतं, पण पुढे कधी खोडावं लागत नाही.

चौथी पायरी: दोन रकान्यांची वही

पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच. उजवीकडे त्याचा तुम्हाला वाटलेला अर्थ. ‘बुलबुल चिडला’ हे उजवीकडचं वाक्य आहे. डावीकडे असं हवं: ‘तुरा उभा, शेपटी खाली-वर, कर्कश हाक ७ वेळा, तोंड मांजराकडे, अंतर साधारण ४ मीटर.’ सुरुवातीला हात सारखा उजवीकडे पळतो. मला ही सवय लागायला जवळजवळ एक हंगाम गेला. आता जुनी वही काढतो तेव्हा डाव्या रकान्यातलं सगळं अजून कामाचं असतं आणि उजव्यातलं निम्मं खोडलेलं.

कुणाकडे बघायचं हेही आधी ठरवून घ्या, नाहीतर डोळा आपोआप सगळ्यात धांदरट पक्ष्यामागे जातो आणि कोपऱ्यात शांत बसलेले वहीतून गळून जातात. जीन आल्टमन या संशोधिकेनं १९७४ साली प्राण्यांच्या वर्तनाची नोंद करण्याच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. तो आजही मैदानी कामाचा पाया मानला जातो. त्यातल्या दोन पद्धती आपल्याला पुरेत. पहिली: एकच पक्षी धरायचा आणि दहा मिनिटं फक्त तोच लिहायचा, मग तो नुसता पिसं साफ करत बसला तरी. दुसरी: दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहायचं आणि त्या क्षणी दिसणारा प्रत्येक पक्षी काय करतोय ते एका शब्दात टिपायचं. पहिलीतून एका पक्ष्याची तपशीलवार कथा मिळते, दुसरीतून थव्याचं चित्र.

पाचवी पायरी: कुठे नजर ठेवायची

*भीड चेपणं.* नवी वस्तू, नवा आवाज, नवं बांधकाम आजूबाजूला आलं की लगेच नोंद सुरू करा. पहिल्या दिवशी पक्षी किती लांब राहिले, किती वेळानं जवळ आले, कितव्या दिवशी वळसा घालणं सोडलं. पिकाजवळचं बुजगावणं रोज त्याच जागी उभं राहिलं की काही दिवसांतच पक्षी त्याच्या खांद्यावर बसतात. ते तिथून हलवलं की काय होतं ते पाहा. सरावलेला पक्षी जागा बदलताच पुन्हा बुजला, तर त्याला ‘त्या जागची ती वस्तू’ निरुपद्रवी वाटत होती, कुठेही असलेली वस्तू नव्हे. आणि काही दिवस ती वस्तू काढून परत ठेवली तर भीती कितपत उलटते, हेही तितकंच बोलकं.

*माणसं ओळखणं.* वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात २००६ साली जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून ७ कावळे पकडले, कडी घातली आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही आवारातून चाललं की कावळे मागे लागून ओरडत. दुसरा, निरुपद्रवी मुखवटा घातलेल्याकडे ते फारसं लक्ष देत नसत. वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि त्यांत कधीही न पकडलेले कावळे होते, तरुण पिल्लंही होती. तुम्हाला हे पाहायला कुणाला पकडायची गरज नाही. एखाद्या माणसाला पाहून कावळे ओरडतात का, त्यानं कपडे बदलले तरी ओरडतात का, चेहरा झाकला तर काय, हे लिहीत राहा.

*धोक्याची हाक.* पक्षी शत्रू ओळखायला शेजाऱ्यांकडून शिकतात. एबरहार्ड कुरिओ यांनी १९७८ साली दाखवलेला प्रयोग याचा नमुना आहे. दोन ब्लॅकबर्ड (कस्तुराच्या कुळातले युरोपीय पक्षी) अशा रीतीनं ठेवले की एकाला समोर घुबड दिसे, आणि दुसऱ्याला तिथेच एक निरुपद्रवी, अनोळखी पक्षी. पहिला घुबडावर ओरडायचा. दुसऱ्याला वाटायचं तो या अनोळखी पक्ष्यावरच ओरडतोय. नंतर दुसरा त्या निरुपद्रवी पक्ष्यावर एकटाच ओरडू लागला. प्लॅस्टिकच्या बाटलीवरही असं ओरडायला शिकवता आलं. तेव्हा कुठे कल्ला ऐकू आला की आधी कोण ओरडायला लागलं, नंतर कोण सामील झालं आणि त्यांत या वर्षीची पिल्लं किती, हा क्रम टिपा. पिल्लू आधी मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं की शत्रूकडे, तेही दुर्बिणीतून दिसतं. हाकांच्या बाबतीत कोतवालाच्या जातकुळीवर विशेष लक्ष ठेवावं. आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटातले कोतवाल खोटी धोक्याची हाक देऊन दुसऱ्या प्राण्यांना पळवतात आणि त्यांचं टाकलेलं भक्ष्य उचलतात; टॉम फ्लॉवर यांच्या अभ्यासात दिसलं की एक हाक चालेनाशी झाली की ते दुसऱ्याच कुणाच्या हाकेची नक्कल करतात.

*नवं खाद्य, नवी युक्ती.* इंग्लंडमध्ये १९२१ साली साउदॅम्प्टनजवळ टिट नावाचे छोटे पक्षी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं उघडून वरची साय खाताना नोंदले गेले आणि पुढच्या काही दशकांत ही गोष्ट दूरदूर दिसू लागली. सगळ्यांनी मानलं की पक्षी एकमेकांची नक्कल करून शिकले. १९८४ साली डेव्हिड शेरी आणि बेनेट गॅलेफ यांनी चिकडी या टिटांच्या भाऊबंदांवर प्रयोग केला, तेव्हा एक वेगळीच शक्यता पुढे आली: कुणी उघडताना पाहिलंच नाही, नुसती आधीच उघडलेली डबी खायला मिळाली, तरी त्यातले बरेच पक्षी पुढे बंद डबी स्वतः उघडायला शिकले. म्हणजे एकानं केलेलं दुसऱ्यानं पाहून तसंच्या तसं केलं असं म्हणण्याआधी थांबायचं. पहिल्याच्या खाण्यामुळे दुसऱ्याचं त्या वस्तूकडे नुसतं लक्ष गेलं आणि पुढचं त्यानं स्वतः धडपडून शोधलं, असंही असू शकतं. हा फरक वहीत कसा पकडायचा? दुसऱ्या पक्ष्याची पहिली धडपड सविस्तर लिहून. त्यानं पहिल्यासारखीच चोच लावली, त्याच बाजूनं, त्याच क्रमानं? की तो आपल्याच तऱ्हेनं टोचत, ओढत, चुकत गेला?

नक्कलेचा भक्कम पुरावा हवा असेल तर एकाच कामाच्या दोन सारख्या सोप्या वाटा लागतात. ऑक्सफर्डजवळच्या वायदम जंगलात लूसी ॲप्लिन आणि सहकाऱ्यांनी असंच केलं. एका पेटीचं सरकतं दार डावीकडूनही उघडे आणि उजवीकडूनही. जंगलाच्या वेगवेगळ्या भागांत दोन-दोन ग्रेट टिट नरांना एकच बाजू शिकवून सोडलं. ज्या भागात डावी शिकवली तिथे डावीची प्रथा पसरली, जिथे उजवी तिथे उजवीची, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांतले बरेच पक्षी बदलले तरी प्रथा टिकली. सिडनीतल्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडायची युक्ती अशीच पसरवली: २०१८च्या आधी फक्त ३ उपनगरांतून तशी खबर होती, २०१९ अखेर ४४ उपनगरांतून. ती माहिती बरीचशी साध्या रहिवाशांनी कळवलेली होती, आणि ‘आमच्याकडे असं दिसत नाही’ हे कळवणाऱ्यांमुळेच नकाशा पुरा झाला.

*गाणं.* यासाठी मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एकाच नराचं दहा-दहा मिनिटांचं गाणं साठवा. पहिल्या वर्षाचा नर आधी पुटपुटल्यासारखं, विस्कळीत गातो आणि हळूहळू ते घट्ट होतं. शेजारचा नर जे गातो त्याच्याशी ताडून पाहा. गोंगाटाचाही परिणाम दिसतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली दिसलं की गजबजलेल्या जागेतले ग्रेट टिट खालच्या पट्टीचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात. २०२० साली टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते शांत झाले तेव्हा तिथल्या डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या चिमण्या हळू आवाजात, पण अधिक पसरट, म्हणजे आणखी खालपर्यंत उतरणाऱ्या सुरांत गायला लागल्या. एलिझाबेथ डेरीबेरी यांना हे सांगता आलं, कारण त्यांच्याकडे आधीच्या वर्षांची ध्वनिमुद्रणं तयार होती.

सहावी पायरी: एखादी छोटी चाचणी

तीन आठवड्यांची नोंद झाल्यावर एक बदल करून पाहता येतो. एका वेळी एकच. मी सुचवेन ती चाचणी साधी आहे: नेहमीच्या पाण्याच्या भांड्यापासून एका पावलावर एक अनोळखी, स्थिर, न चकाकणारी वस्तू ठेवा. एखादा रंगीत ठोकळा चालेल. वस्तू ठेवल्यापासून पहिला पक्षी पाण्याला चोच लावेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. अर्ध्या तासानं वस्तू उचला. दुसऱ्या दिवशी वस्तूशिवाय तेवढाच वेळ मोजा. असं आलटून-पालटून दहा दिवस करा. वस्तू नसलेले दिवस हा चाचणीचा प्राण आहे. ते नसतील तर उशीर वस्तूमुळे झाला की त्या दिवशी घार घिरट्या घालत होती म्हणून, हे सांगता येणार नाही. भांड्याशी जाणं, वाकणं, मागे येणं हे वस्तू नसलेल्या दिवशीही तसंच करा, कारण पक्ष्यांना तुमच्या जाण्याचाही धसका असतो.

वस्तूचे दिवस हळूहळू मोकळ्या दिवसांसारखे दिसायला लागले तर पक्षी सरावले. आता वेगळ्या रंगाचा, वेगळ्या आकाराचा ठोकळा ठेवा. उशीर पुन्हा पहिल्याइतका झाला तर सराव त्या एका ठोकळ्यापुरता होता. झाला नाही तर ‘इथे ठेवलेल्या वस्तूंपासून धोका नसतो’ असं काहीतरी व्यापक त्यांनी उचललं असावं. भांड्यात पाणी रोज ताजं हवं आणि भांडं घासलेलं. अस्वच्छ पाण्यातून आणि खाद्याच्या जागांवरून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. मलूल, पिसं फुगवून बसलेला पक्षी दिसला तर भांडं काही आठवडे काढून ठेवा, चाचणी राहिली तरी चालेल.

सातवी पायरी: स्वतःच्या निष्कर्षाची उलटतपासणी

कावळे रस्त्यावर अक्रोड टाकतात, गाडीखाली फुटू देतात आणि गर खातात, ही गोष्ट जपानमधल्या सेंदाई शहरातून प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्नियातही कावळे रस्त्यावर अक्रोड टाकताना दिसत आणि लोकांनी तीच कथा तिथे लावली. डॅनियल क्रिस्टल आणि सहकारी तिथे नुसते बसून मोजत राहिले. गाडी येत असताना कावळे अक्रोड जास्त वेळा रस्त्यावर सोडून जातात का? १९९७ साली त्यांनी उत्तर छापलं: नाही. गाडी असो वा नसो, काहीच फरक नव्हता. तिथल्या कावळ्यांना हवा होता तो कठीण पृष्ठभाग. सेंदाईची गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही, पण एका गावच्या कावळ्यांची हुशारी दुसऱ्या गावच्या कावळ्यांच्या नावावर जमा करता येत नाही.

माझ्या मते पक्षीवर्तन पाहणाऱ्या प्रत्येकानं हा अभ्यास लक्षात ठेवावा, कारण त्यात वापरलेलं हत्यार फक्त एक प्रश्न आहे: माझं म्हणणं खरं असेल तर कोणत्या परिस्थितीत वागणं वेगळं दिसायला हवं? मग ती परिस्थिती येईपर्यंत बसायचं आणि मोजायचं.

तुमच्या बदलामागे शिकण्याऐवजी आणखी काय असू शकतं, याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. विणीचा हंगाम सुरू झाला की पक्षी एकदम धीट किंवा आक्रमक होतात. पिल्लांना भरवायचं असलं की एरवी टाळलेला धोका पत्करतात. पिसं झडायच्या दिवसांत लपून राहतात. दुष्काळात पाण्याशी भीड राहत नाही. पिल्लू मोठं होताना स्नायू आणि चोच बळकट होतात, त्यामुळे कालपर्यंत न फुटलेलं बी आज फुटतं. आणि एक कारण सहज सुटतं: पक्षी तुम्हाला सरावलेले असतात. जिथे मी रोज बसतो तिथलं उडण्याचं अंतर माझ्यासाठी एक असतं आणि अनोळखी माणसासाठी दुसरं. म्हणून महिन्यातून एकदा तीच मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पक्ष्यांनी तुमच्याबद्दल जे शिकून घेतलंय ते.

जिथे थांबायचं

घरट्याजवळ चाचणी नाही, फेऱ्या नाहीत, फांदी बाजूला करून फोटो नाही. आपण मळलेली पायवाट धरून शिकारी प्राणी घरट्यापर्यंत पोचतात. ध्वनिमुद्रित हाका वाजवून पक्ष्याला बोलावू नये. हद्दीचं रक्षण करायला धावलेला नर तेवढा वेळ खाणं आणि पिल्लं सोडून येतो, आणि वारंवार फसवलेला पक्षी पुढे कसा वागेल ते तुमच्या नोंदी बिघडवतं ते वेगळंच. पक्षी धोक्याची हाक देतोय, चोचीत किडा धरून घुटमळतोय, तर तुम्ही फार जवळ आहात. उठा, मागे व्हा, वेळ लिहा.

नोंदी मांडणं

महिनाअखेरीला चौकटीचा कागद घ्या. आडवे दिवस, उभे अंतर किंवा मिनिटं, प्रत्येक दिवसाचा एक ठिपका. ठिपके हळूहळू उतरत गेले तर सराव. एका दिवशी एकदम पडले आणि तिथेच राहिले तर त्या दिवशी काय घडलं ते डाव्या रकान्यात शोधा. ओळखीच्या पक्ष्यांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत काढा, कारण सरासरीत एकाचा धीटपणा आणि दुसऱ्याची भीती एकमेकांना पुसून टाकतात. युक्ती पसरत असेल तर ती आतापर्यंत किती पक्ष्यांनी केली ते वाढत्या आकड्यात मांडा: सुरुवातीला संथ, मग झपाट्यानं, मग पुन्हा संथ अशी रेघ आली तर ती एकाकडून दुसऱ्याकडे जात असण्याची शक्यता आहे. पक्क्या पुराव्यासाठी मात्र कोण कुणाच्या सोबत होतं हेही लागतं. गाण्यांची मुद्रणं झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर आणि रोजच्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर आज तुम्हाला न दिसलेली गोष्ट उद्या दुसऱ्या कुणाला तिथे सापडू शकते.

त्या तुकडा भिजवणाऱ्या कावळ्याकडे मी पुढे दोन रकान्यांची वही घेऊन बसायला लागलो. उजव्या पायाचं मागचं बोट नसलेला एक मोठा कावळा वाळके तुकडे भिजवतो आणि मऊ तुकडे बहुतेक वेळा थेट गिळतो, एवढं आता मी लिहू शकतो. या हंगामात त्याच्यासोबत एक पिल्लू येतं. ओरडताना तोंडाचा आतला भाग अजून गुलाबी दिसतो, म्हणजे याच वर्षीचं. ते पाण्याकडे न बघता त्या मोठ्याच्या चोचीकडे बघत उभं राहायचं. परवा सकाळी त्यानं स्वतः एक वाळका तुकडा आणला, भांड्याच्या काठावर ठेवला, पाण्याकडे मान वळवली, तुकडा उचलला आणि तसाच कोरडा घेऊन उडून गेलं. डावीकडे लिहिलंय: ‘७:१२, तुकडा काठावर, पाण्यात नाही, ९ सेकंद.’ उजवा रकाना अजून कोराच ठेवलाय.